मेंदूचा आलेख : रेषांच्या मांडणीची कथा

भूगोलाच्या पुस्तकांत कळसूबाईची उंची १६४६ मीटर दिलेली असते. ही उंची कशापासून मोजली, हें पुस्तक सहसा सांगत नाहीं. ती समुद्रसपाटीपासून मोजली असणार, हें वाचणारानें मनाशीं धरून चालावयाचें असतें. परंतु पायथ्याच्या बारी गांवांतून जो मनुष्य शिखर चढूं लागतो, त्यास एवढी चढण चढावी लागत नाहीं; कारण बारी गांव स्वतःच समुद्रापासून पुष्कळ उंचावर वसलेलें आहे. शिखर तेंच, माणूस तोच. पण मोजणीचा आरंभ बदलला कीं आंकडा बदलतो. उंची ही एकट्या स्थळाच्या अंगची वस्तु नसून तें दोन स्थळांमधील नातें आहे.

विजेच्या दाबाचेंहि असेंच आहे. एखाद्या बिंदूचा दाब इतका, असें म्हणतांना तो दुसऱ्या कोणत्या तरी बिंदूच्या मानानें इतका, एवढाच त्याचा अर्थ असतो. मनुष्याच्या मेंदूंत अहोरात्र चालणाऱ्या विजेच्या सूक्ष्म हालचाली टिपण्याची जी विद्या उदयास आली, तिच्या इतिहासाचें मर्म याच एका गोष्टींत आहे. रोग्याच्या डोक्यावर धातूच्या वीसएक लहान चकत्या बसवितात. त्यांस इलेक्ट्रोड म्हणतात. त्यांच्या तारा यंत्रास जोडल्या म्हणजे कागदावर किंवा पडद्यावर एकीखालीं एक अशा नागमोडी रेषा उमटूं लागतात. ई. ई. जी. या नांवानें सर्वपरिचित झालेला मेंदूचा आलेख तो हाच. पाहणारास वाटतें कीं, प्रत्येक रेषा म्हणजे एकेका चकतीचें बोलणें. वस्तुस्थिति तशी नाहीं. प्रत्येक रेषा म्हणजे दोन ठिकाणच्या दाबांमधील फरक. कोणत्या चकतीची तुलना कशाशीं करावयाची, आणि त्या रेषा कोणत्या क्रमानें मांडावयाच्या, या योजनेस 'मोंताज' असें फ्रेंच नांव आहे. त्याचा अर्थ जुळणी. जुळणीचें मर्म ध्यानांत घेतलें नाहीं, तर निरोगी भाग रोगी दिसतो आणि रोगी भाग निरोगी. म्हणून या जुळणीची कथा केवळ यंत्राची कथा नव्हे; रोग्याच्या कवटीवर शस्त्र कोठें चालवावयाचें, असे प्रश्न तिच्याशीं निगडित आहेत.

या कथेचा आरंभ इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. तेथील रिचर्ड केटन या वैद्यानें सशांच्या व माकडांच्या मेंदूंवर प्रयोग करून १८७५ सालीं त्यांचें निवेदन ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेपुढें केलें. विजेचा क्षीण प्रवाह वाढवून दाखविणारें साधन त्या काळीं उपलब्ध नव्हतें. केटनच्या गॅल्व्हानोमीटरला लहानसा आरसा बसविलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर पडे, आणि प्रवाह वाहूं लागला कीं तो ठिपका हले. या साध्या साधनानें जिवंत मेंदूंतून वीज वाहते, हें त्यानें दाखविलें. त्याच्या निवेदनांतील एक तपशील येथें विशेष महत्त्वाचा आहे. कधीं तो दोन्ही तारा मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवी, तर कधीं एक तार मेंदूवर आणि दुसरी कवटीच्या हाडावर. पहिल्या रीतींत दोन जागत्या ठिकाणांची एकमेकांशीं तुलना होते. दुसरींत एका जागत्या ठिकाणाची तुलना दूरच्या, शांत मानलेल्या ठिकाणाशीं. पुढें शंभर वर्षें ज्या दोन पद्धतींवरून विद्वानांत वाद झाले, त्या दोहोंचें बीज अशा रीतीनें पहिल्याच प्रयोगांत पडलेलें होतें.

मनुष्याच्या मेंदूचा आलेख काढण्याचें श्रेय जर्मनींतील येना विद्यापीठांतील मनोरोगवैद्य हान्स बर्गर याचें. १९२४ सालच्या जुलै महिन्यांत, शस्त्रक्रियेनें कवटीचें हाड काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या मेंदूवरून त्यानें पहिली नोंद मिळविली. हा गृहस्थ स्वभावानें इतका सावध होता कीं, तो पांच वर्षें प्रयोग पुनःपुन्हां करीत राहिला. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनहि त्यानें नोंदी घेतल्या. आणि १९२९ सालीं पहिला निबंध प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या डोक्यावरून सेकंदास सुमारें दहा वेळां उठणारी एक संथ लहर मिळते, आणि डोळे उघडतांच ती मावळते, असें त्यानें सांगितलें. या लहरीस त्यानें ग्रीक वर्णमालेंतील पहिलें अक्षर देऊन 'आल्फा' हें नांव ठेविलें. तिचें मान किती सूक्ष्म? सुमारें पन्नास मायक्रोव्होल्ट. विजेरींतील साध्या मसाल्याच्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. म्हणजे ही लहर त्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्शाइतकी.

बर्गरच्या या नोंदी प्रायः एकेरी असत. एक चकती कपाळावर, दुसरी डोक्याच्या मागल्या बाजूस, आणि त्या दोहोंच्या फरकाची एकच रेषा. ही रेषा पाहून त्याचें असें मत झालें कीं, आल्फा लहर ही संबंध मेंदूच्या पृष्ठभागाची एकमुखी क्रिया आहे. हें मत पुढें टिकलें नाहीं. आणि तें होण्याचें एक कारण त्याच्या जोडणींतच दडलेलें होतें. गांवाच्या दोन वेशींमध्यें एकच दोरी ताणली आणि ती हलली, तर ती कोणत्या वेशीकडून हलविली गेली हें दोरी सांगूं शकत नाहीं. दोन टोंकांमधील फरक कळतो. तो कोणत्या टोंकामुळें पडला हें कळत नाहीं. त्यासाठीं तिसरें, चौथें ठिकाण लागतें, आणि एकाच वेळीं घेतलेल्या अनेक नोंदी लागतात. बर्गरचें निरीक्षण खरें होतें. जोडणीला जें सांगतां येत नव्हतें, तेवढें तें अपुरें होतें.

हें अपुरेपण इंग्लंडांतील केंब्रिज येथें दूर झालें. तेथील एडगर एड्रियन यास मज्जातंतूंवरील संशोधनाबद्दल १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेलें होतें. बर्गरच्या शोधाविषयीं शास्त्रज्ञांत त्या वेळीं बराच अविश्वास होता. एड्रियन व ब्रायन मॅथ्यूज यांनीं १९३४ सालीं तो शोध स्वतः पडताळून पाहिला आणि खरा असल्याचें जाहीर केलें. मात्र आल्फा लहर सबंध मेंदूची नसून डोक्याच्या मागील भागांत, जेथें दृष्टीचें केंद्र आहे तेथें उगम पावते, असें त्यांनीं दाखविलें. पुढच्याच वर्षीं, १९३५ सालीं, एड्रियन व यामागिवा या जपानी संशोधकानें डोक्यावर एका ओळींत अनेक चकत्या बसवून, लगतच्या दोनदोन चकत्यांच्या जोड्या करून, एकाच वेळीं अनेक रेषा उमटविल्या. लहरीच्या उगमस्थानापाशीं लागोपाठच्या दोन रेषा एकमेकींच्या उलट दिशेस वळतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. मेंदूचा आलेख वाचण्याची पहिली किल्ली हीच होय.

या शोधास यंत्रविद्येचीहि मोठी मदत झाली. माणसाच्या अंगावर भोवतालच्या विजेच्या तारांचा परिणाम सतत होत असतो, आणि तो मेंदूच्या लहरींपेक्षां कितीतरी मोठा असतो. १९३० नंतरच्या दशकांत असे विवर्धक तयार झाले कीं, ते दोन तारांतून येणारा समान भाग सोडून देत आणि जो फरक असेल तेवढाच वाढवून दाखवीत. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखाच असल्यामुळें वजाबाकींत तो नाहींसा होई. अशा रीतीनें वजाबाकी ही या विद्येंत केवळ सोय राहिली नाहीं; ती यंत्राचा प्राणच बनली.

एड्रियनच्या किल्लीचा उपयोग कसा होतो, तें साध्या गणितानें समजण्याजोगें आहे. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, डोक्यावर एका ओळींत क, ख, ग, घ, च अशा पांच चकत्या आहेत. मेंदूंतील एका दुखऱ्या जागीं विजेचा झटका उठला, आणि क्षणभर त्या चकत्यांखालीं अनुक्रमें १०, ३०, १००, ४० आणि २० मायक्रोव्होल्ट इतका ऋण दाब झाला. रोग ग पाशीं आहे, हें उघड आहे. पण वैद्यास हे आंकडे दिसत नाहींत, त्यास फक्त रेषा दिसतात. यंत्राचा संकेत असा आहे कीं, जोडींतील पहिली चकती दुसरीपेक्षां अधिक ऋण असेल तर लेखणी वर जाते, आणि कमी ऋण असेल तर खालीं येते. आतां क व ख यांची रेषा २० नें खालीं जाईल. ख व ग यांची ७० नें खालीं. ग व घ यांची ६० नें वर. आणि घ व च यांची २० नें वर. म्हणजे दुसरी रेषा खालीं तोंड करून आणि तिसरी वर तोंड करून, जणूं एकमेकींकडे बोट दाखवीत उभ्या राहतात. या दोन्ही रेषांत जिचें नांव समाईक आहे ती चकती ग. रोगाचें ठिकाण तेंच.

लंडन येथील ग्रे वॉल्टर यानें १९३६ सालीं या रीतीचा उपयोग रोग्यांच्या कामीं केला. मेंदूंत गांठ वाढली असतां गांठीच्या पेशी स्वतः विजेच्या दृष्टीनें मुक्या असतात; परंतु तिच्या भोवतालच्या दुखावलेल्या भागांतून अतिशय मंद लहरी उठतात. या लहरींस त्यानें 'डेल्टा' म्हटलें, आणि त्या कोणत्या चकतीपाशीं उलटतात हें पाहून गांठीची जागा शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. मेंदूच्या आंतील चित्र दाखविणारीं आजचीं यंत्रें त्या काळीं नव्हतीं. कवटी कोठें उघडावयाची, या प्रश्नास उत्तर देणाऱ्या साधनांत अशा रीतीनें शाईच्या कांहीं रेषांची भर पडली.

त्याच सुमारास अमेरिकेंत बोस्टन शहरीं दुसरी परंपरा निर्माण होत होती. फ्रेडरिक गिब्स, हॅलोवेल डेव्हिस व विल्यम लेनॉक्स यांनीं १९३५ सालीं अपस्मारासंबंधीं एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मूल बोलतां बोलतां क्षणभर शून्यांत पाहूं लागतें व पुन्हां भानावर येतें, अशा प्रकारच्या फेंफऱ्यांत सेकंदास तीन या गतीनें टोंकदार लहरी उठतात, हें त्यांनीं दाखविलें. गिब्ससाठीं अल्बर्ट ग्रास या यंत्रज्ञानें त्याच वर्षीं तीन लेखण्यांचें यंत्र तयार करून दिलें. फ्रेडरिक गिब्स व त्याची पत्नी एर्ना गिब्स यांनीं हजारों आलेखांचा अभ्यास केला. त्यांची पसंती केटनच्या दुसऱ्या रीतीकडे होती : प्रत्येक चकतीची तुलना शेजारणीशीं न करतां, कानाच्या पाळीवर बसविलेल्या एका चकतीशीं करावयाची. कान हा जणूं समुद्रसपाटी. तो शांत असेल तर वरच्या उदाहरणांत पांचहि रेषा वर जातात, १०, ३०, १००, ४०, २० अशा. आणि सर्वांत उंच रेषा ग ची, हें अजाण माणसासहि दिसतें. लहरीचें खरें रूप व खरें मानहि या रीतींत अधिक स्पष्ट उमटतें.

ही रीत सोपी खरी. परंतु समुद्रसपाटी जर स्वतःच हलूं लागली तर? कान हा मेंदूच्या कानशिलाकडील खंडाला अगदीं लागून आहे, आणि फेंफऱ्यांचा उगम पुष्कळ वेळां त्याच खंडांत असतो. अशा रोग्याच्या बाबतींत झटका उठतांच कानाच्या चकतीवरहि, समजा, ६० मायक्रोव्होल्ट ऋण दाब आला. आतां वरील पांच रेषा पुन्हां मोजाव्या. ग ची रेषा ४० नें वर जाते. पण क ५० नें खालीं, ख ३० नें खालीं, घ २० नें खालीं आणि च ४० नें खालीं जाते. सर्वांत मोठी हालचाल दिसते ती क पाशीं. आणि प्रत्यक्षांत तीच सर्वांत शांत जागा होती! मोजपट्टीच दूषित झाली म्हणजे दूरचा निर्दोष भाग अपराधी ठरतो. उलट, शेजारशेजारच्या जोड्यांच्या रीतींतहि एक उणीव आहे. रोगाचें ठिकाण ओळीच्या अगदीं टोंकाशीं असेल, तर रेषा उलटतच नाहींत; कारण उलटण्यास पलीकडे दुसरी जोडी नसते. तसेंच दोन शेजारच्या चकत्यांखालीं दाब सारखाच असेल, तर त्यांच्यांतील फरक शून्य होऊन रेषा सपाट येते, मग खालीं केवढेंहि वादळ चालूं असो.

गिब्स दांपत्य कानाचा आधार घेई, आणि ग्रे वॉल्टरसारखे संशोधक शेजारच्या जोड्यांवर भर देत. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु याहून मोठी अडचण अशी होती कीं, चकत्या कोठें बसवावयाच्या यासंबंधींहि एकवाक्यता नव्हती. एका शहरीं काढलेला आलेख दुसऱ्या शहरच्या वैद्यास वाचणें अवघड जाई. रोग्याचा आजचा आलेख आणि त्याच रोग्याचा दुसऱ्या रुग्णालयांतील जुना आलेख यांची तुलना होईना. १९४७ सालीं लंडन येथें या विद्येची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद् भरली, तेव्हां हा गोंधळ मिटविण्याची निकड मान्य झाली आणि तें काम कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील हर्बर्ट जॅस्पर याच्याकडे आलें. अपस्मारावर शस्त्रक्रिया करणाऱ्या वायल्डर पेनफील्डचा हा सहकारी. मेंदूच्या कोणत्या भागांतून झटका उठतो हें शस्त्रवैद्यास नेमकें सांगण्याची जबाबदारी नित्य अंगावर असल्यामुळें, खुणांच्या अचूकपणाची किंमत तो पूर्णपणें जाणून होता. १९४९ सालच्या पॅरिस येथील परिषदेपुढें त्याची योजना आली, आणि १९५८ सालीं ती अंतिम रूपांत प्रसिद्ध झाली.

जॅस्परच्या योजनेचें सौंदर्य तिच्या साधेपणांत आहे. मनुष्यांचीं डोकीं लहानमोठीं असतात. म्हणून अमुक इंचांवर चकती बसवा, असें सांगून भागत नाहीं. त्यानें इंच टाकून दिले आणि प्रमाण घेतलें. नाकाच्या मुळाशीं असलेल्या खळग्यापासून डोक्याच्या मागें लागणाऱ्या उंचवट्यापर्यंत फीत धरावी. त्या लांबीच्या शेंकडा १० अंतरावर पहिली खूण, पुढें शेंकडा २० अंतरावर एक याप्रमाणें चार खुणा, आणि शेवटीं पुन्हां शेंकडा १० उरतात. लांबी ३६ सेंटिमीटर असेल तर पहिली खूण ३·६ सेंटिमीटरवर आणि पुढल्या प्रत्येकी ७·२ सेंटिमीटरवर. मुलाचें डोकें ३० सेंटिमीटरचें असेल तर ३ आणि ६. एका कानापुढील खळग्यापासून टाळूवरून दुसऱ्या कानापुढील खळग्यापर्यंतहि अशाच खुणा. फीत एकच, डोकीं अनेक. परंतु प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच नांवाची चकती मेंदूच्या जवळजवळ त्याच भागावर बसते. नांवें देण्याची रीतहि तितकीच सुटसुटीत. कपाळाकडील खंडास एफ्, मध्यभागास सी, माथ्याच्या मागील खंडास पी, मागच्या खंडास ओ, कानशिलाकडील खंडास टी, आणि कानास ए. डाव्या बाजूस विषम अंक, उजव्या बाजूस सम अंक, आणि मध्यरेषेवर अंकाऐवजीं शून्यदर्शक झेड्. दोन कान धरून एकंदर २१ चकत्या. १० आणि २० या आंकड्यांवरून ही पद्धति 'दहा-वीस' या नांवानें जगभर रूढ झाली. पुढें १९९१ सालीं अमेरिकेंतील संस्थेनें मधल्या जागा भरून चकत्यांची संख्या वाढविली व चार नांवें बदललीं. परंतु पाया जॅस्परचाच राहिला.

खुणा ठरल्यानंतर जुळण्या ठरणें सोपें झालें. आज सर्वांत अधिक वापरली जाणारी जुळणी पुढून मागें जाणारी आहे. कपाळापासून मागच्या खंडापर्यंत प्रत्येक बाजूस दोन सांखळ्या. एक कानशिलावरून वाकून जाणारी, दुसरी माथ्याजवळून जाणारी. डोक्याच्या नकाशावर या दोन सांखळ्या काढल्या असतां शेजारीं ठेवलेल्या दोन केळ्यांसारखा आकार दिसतो. म्हणून गंभीर प्रकृतीचे वैद्यहि या जुळणीस 'दुहेरी केळें' असेंच म्हणतात. दुसरी जुळणी एका कानापासून दुसऱ्या कानाकडे आडवी जाते. पहिलीच्या टोंकाशीं जें लपतें तें दुसरीच्या मध्यावर येतें, आणि दुसरीच्या टोंकाचें पहिलीच्या मध्यावर. तिसरी जुळणी समान आधाराची. अमेरिकेंतील संस्थेनें २००६ सालीं पुन्हां प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक नियमांत या तिन्ही प्रकारांचा समावेश आहे. म्हणजे जुन्या दोन पक्षांपैकीं कोणाचाच पराभव झाला नाहीं. दोघांनाहि साक्षीदार म्हणून बोलावण्याचा नियम झाला.

समान आधाराची शुद्धि करण्याचेहि प्रयत्न झाले. १९५० सालीं गोल्डमन व फ्रँक ऑफ्नर यांनीं स्वतंत्रपणें अशी युक्ति सुचविली कीं, एका कानावर विसंबण्याऐवजीं सर्व चकत्यांची सरासरी हाच आधार मानावा. वरील पांच आंकड्यांची सरासरी ४० येते. तिच्या मानानें ग ची रेषा ६० नें वर जाते आणि घ ची रेषा सपाट राहते. मात्र एकच आंकडा फार मोठा असेल तर तो सरासरीसच आपल्याकडे ओढतो, आणि मग क सारख्या शांत जागाहि विनाकारण ३० नें खालीं गेलेल्या दिसतात. चकत्या जितक्या अधिक व जितक्या सर्वत्र पसरलेल्या, तितका हा दोष कमी. १९७५ सालीं स्वीडनमधील बो ह्योर्थ यानें प्रत्येक चकतीची तुलना तिच्या भोवतालच्या निकटच्या चकत्यांच्या सरासरीशीं करण्याची रीत मांडली; तिच्यामुळें स्थानिक उगम अधिक ठळक होतात. प्रत्येक रीतींत कांहीं मिळतें आणि कांहीं गमावतें. निर्दोष अशी एकहि जुळणी नाहीं.

जुळणीचें गांभीर्य सर्वांत अधिक कोठें जाणवतें, तर मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं हा प्रश्न उभा राहतो तेथें. १९६८ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें, मेंदू कायमचा निकामी झाल्याची लक्षणें सांगतांना, सपाट आलेखास पुष्टिदायक पुराव्याचें स्थान दिलें. परंतु सपाट रेषा म्हणजे नेहमींच मेंदूची शांतता नव्हे. अगदीं जवळच्या दोन चकत्यांमध्यें फरक नसला तरी रेषा सपाटच येते, हें वर आलेंच आहे. म्हणून अशा तपासणींत जोडींतील चकत्या एकमेकींपासून निदान १० सेंटिमीटर दूर असल्या पाहिजेत, आणि आलेख निदान ३० मिनिटांचा असला पाहिजे, असा नियम करण्यांत आला. कागदावर हा नियम रुक्ष दिसतो. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या आईबापांच्या दृष्टीनें त्याचें मोल निराळें आहे. दोन चकत्यांमधील अंतर न मोजतां कोणाचा निकाल लावूं नये, एवढी काळजी त्या नियमांत सांठविलेली आहे.

कागदाच्या काळांत या सर्व जुळण्या प्रत्यक्ष रोगी समोर असतांनाच कराव्या लागत. यंत्रावर निवडीच्या कळा असत. तंत्रज्ञ त्या फिरवून दहा मिनिटें एक जुळणी, दहा मिनिटें दुसरी, अशा नोंदी घेई. कागद सेकंदास ३० मिलिमीटर या वेगानें पुढें सरके, म्हणजे अर्ध्या तासास ५४ मीटर कागद लागे. एकदां शाई वाळली कीं जुळणी बदलणें अशक्य. रोग्यास झटका आला त्या क्षणीं जी जुळणी चालूं असेल, तिच्याच डोळ्यांनीं तो झटका कायमचा पाहावा लागे. म्हणून तंत्रज्ञाच्या अनुभवावर पुष्कळ कांहीं अवलंबून असे. आलेख वाचणाऱ्या वैद्याचें नांव होई, पण वाचण्याजोगा आलेख काढणारा हात त्याचा असे.

संगणक आल्यावर ही अडचण एका शाळकरी वजाबाकीनें दूर झाली. आजचें यंत्र सर्व चकत्यांचे दाब एकाच समान आधाराच्या मानानें सांठवून ठेवतें. दूषित कानाचें तेंच उदाहरण पुन्हां घेतां येईल. तेथें ग ४० नें वर आणि घ २० नें खालीं होता. या दोहोंतील फरक ६०. कान शुद्ध होता तेव्हां ग १०० आणि घ ४०. फरक पुन्हां ६०. आधार कसाहि असो, वजाबाकींत तो दोन्ही बाजूंनीं निघून जातो. त्यामुळें एकदां घेतलेली नोंद मागाहून कोणत्याहि जुळणींत मांडतां येते. झटक्याचा तोच एक क्षण वैद्य आतां पुढून मागें, आडवा, कानाशीं तोलून, सरासरीशीं तोलून, असा चार प्रकारें पाहूं शकतो. रोग्यास पुन्हां बोलवावें लागत नाहीं, आणि चार साक्षी जुळल्या तर निदानावरील विश्वास दृढ होतो.

येना येथें एकाच रेषेकडे वर्षानुवर्षें पाहत बसलेल्या बर्गरला हें भाग्य लाभलें नाहीं. तो १९४१ सालीं निवर्तला. तथापि त्याच्या नंतरच्यांनीं जी भर घातली ती मुख्यतः नव्या लहरी शोधण्याची नव्हती. लहर कोणाच्या मानानें मोजली, हें विचारण्याची होती. लिव्हरपूलमध्यें तारेचें दुसरें टोंक हाडावर ठेवावें कीं मेंदूवर, हा जो प्रश्न केटनच्या हातांत होता, तोच आज संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या वैद्याच्या हातांत आहे. यंत्रें पालटलीं, प्रश्न पालटला नाहीं. रेषा उंच दिसली म्हणून तेथें रोग आहे असें नाहीं, आणि रेषा सपाट दिसली म्हणून तेथें कांहींच नाहीं असेंहि नाहीं. निवाडा करण्यापूर्वीं ती कोणाशीं तोलली, हें पाहिलें पाहिजे; आणि शक्य तर दुसऱ्या कोणाशीं तोलून पुन्हां पाहिलें पाहिजे. मेंदूच्या आलेखाच्या दीडशें वर्षांच्या इतिहासाची शिकवण थोडक्यांत एवढीच आहे.